वाफ स्वस्त, वीज महाग

केनियाची राजधानी नैरोबी हिच्या वायव्येस शंभर-सव्वाशे किलोमीटरवर नैवाशा सरोवर आहे आणि त्या सरोवराच्या दक्षिणेस ओल्कारिया हा ज्वालामुखीजन्य टेकड्यांचा प्रदेश. तेथे दोन-तीन किलोमीटर खोल विहिरी खणून पृथ्वीच्या पोटातील वाफ वर आणली जाते आणि तिच्या जोरावर जनित्रे फिरतात. मध्यरात्र उलटली, देशातील दिवे मालवले आणि कारखाने थंडावले, की या वाफेचा काही भाग जनित्राकडे न जाता सरळ आकाशात सोडून द्यावा लागतो. वाफ म्हणजे कोळसा नव्हे, की उद्यासाठी तिचा ढीग रचून ठेवावा; आणि विहीर म्हणजे घरातला नळ नव्हे, की रोज रात्री मिटावा व सकाळी उघडावा. पण ज्या देशात रात्री वाफ वाया जाते, त्याच देशाच्या काही भागांत सायंकाळी वीजपुरवठा तोडावा लागतो. ही कबुली खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी जाहीरपणे दिली आहे. रात्री उतू जाणारी आणि संध्याकाळी न पुरणारी ही वीज ग्राहकाला मिळते ती मात्र महाग. केनियातील उद्योजकांची आणि गृहिणींची तक्रार या एका बाबतीत तरी सारखीच आहे.

हा विरोधाभास मुळापासून पाहण्यासारखा आहे. स्वच्छ ऊर्जेचा विचार करताना केनियाचे नाव आज आदराने घेतले जाते, आणि ते योग्यही आहे. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी नऊ दशांशाच्या आसपास वीज पाणी, वारा, ऊन आणि भूगर्भातील उष्णता यांपासून मिळते. त्यातही चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या भूऔष्णिक विजेचा आहे. तिची स्थापित क्षमता एक हजार मेगावॉटच्या जवळ पोहोचली असून आफ्रिका खंडात या बाबतीत केनियाच्या आसपास कोणी नाही. श्रीमंत देश परिषदा भरवून ज्याचे ठराव करतात, ते या तुलनेने गरीब देशाने बऱ्याच अंशी करून दाखविले आहे. मग त्याच्या विजेचा बाजार असा का बिघडला? तंत्रज्ञांच्या चुकीमुळे नव्हे. तो बिघडला तो करारांच्या कागदांवर.

ओल्कारियाची कहाणी धीराची आहे. ब्रिटिश अमदानीत, १९५० च्या दशकात, तेथे दोन विहिरी खणल्या गेल्या; त्यांतून टिकाऊ वाफ मिळाली नाही आणि काम थांबले. स्वातंत्र्यानंतर, १९७० च्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने शोध पुन्हा सुरू झाला. तेलाचे भाव भडकल्याने त्याला निकड आली होती. १९८१ मध्ये १५ मेगावॉटचे पहिले जनित्र सुरू झाले. १९८२ आणि १९८५ मध्ये तेवढीच आणखी दोन. एकूण ४५ मेगावॉट! आजच्या मानाने हा आकडा हसू येण्यासारखा लहान आहे. पण त्या छोट्या केंद्राने केनियाला अभियंत्यांची आणि भूगर्भशास्त्रज्ञांची एक पिढी दिली. आइसलँडमध्ये १९७९ पासून संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या वतीने भूऔष्णिक विषयाचे प्रशिक्षण दिले जाऊ लागले. तेथे शिकून गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक संख्या केनियाची आहे. पुढे या देशाचे सरकारी वीज महामंडळ शेजारच्या इथिओपियात आणि जिबुतीत विहिरी खणण्याची कंत्राटे घेऊ लागले, ते या तयारीच्या बळावर.

भूऔष्णिक वीज इतर विजेपेक्षा वेगळी कोठे पडते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. वारा दिसतो, ऊन दिसते, नदीचे पाणी मोजता येते. जमिनीखालची वाफ विहीर खणल्याखेरीज कळत नाही. एका विहिरीला काही दशलक्ष डॉलर खर्च येतो आणि खणून झाल्यावर ती कोरडी निघण्याची धास्ती असते. खाजगी भांडवल हा जुगार सहसा खेळत नाही, आणि खेळलेच तर त्याची किंमत विजेच्या दरातून चक्रवाढीने वसूल करते. केनियाने हा धोका सरकारच्या खांद्यावर घेतला. जागतिक बँक, जपान, जर्मनी, युरोपीय गुंतवणूक बँक यांच्याकडून कमी व्याजाची कर्जे काढून सरकारी महामंडळाने विहिरी खणल्या. २००८ मध्ये तर केवळ विहिरी खणून वाफ शोधण्यासाठी भूऔष्णिक विकास कंपनी नावाची वेगळी सरकारी संस्थाच स्थापन झाली. परिणाम असा, की २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत ओल्कारियात एकदम २८० मेगावॉटची भर पडली. २०१९ मध्ये पाचवे केंद्र आले आणि त्यातून आणखी सुमारे १७० मेगावॉट मिळाले. मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांना हे रुचणार नाही, परंतु आफ्रिकेतील स्वच्छ ऊर्जेचे हे सर्वांत मोठे यश सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक संस्थेने मिळविलेले आहे.

या आग्रहामागे आणखी एक कारण होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत केनियाची बहुतेक वीज ताना नदीवरील धरणांतून येत असे. १९९९-२००० च्या दुष्काळात धरणे आटली, महिनोन् महिने वीजकपात झाली, कारखाने बंद पडले आणि सरकारने घाईघाईने भाड्याची डिझेल जनित्रे आणली. २००९ च्या दुष्काळातही हाच प्रसंग ओढवला. पाऊस पडो वा न पडो, वाफ बारा महिने चोवीस तास येत राहते. दुष्काळाने पोळलेल्या देशाला तिचे मोल अधिक वाटावे यात नवल नाही.

येथवर सारे ठीक होते. घोटाळ्याला आरंभ झाला तो टंचाईच्या भीतीतून. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या सल्ल्याने वीजक्षेत्राची फाळणी झाली होती. निर्मिती एका कंपनीकडे गेली आणि वितरण दुसऱ्या कंपनीकडे; निर्मितीत खाजगी कंपन्यांना प्रवेश मिळाला. वीज विकणारे अनेक झाले, पण घाऊक खरेदीदार एकच राहिला, तो म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक वाटा सरकारचा असलेली वितरण कंपनी. याला बाजार म्हणण्याची पद्धत आहे खरी, परंतु हा बाजार मंडईतला नव्हे. येथे भाव रोज ठरत नाही. तो वीस-पंचवीस वर्षांसाठी एकदाच ठरतो, बंद दाराआड ठरतो आणि बहुधा डॉलरमध्ये किंवा युरोत ठरतो. त्यात आणखी एक कलम असते: वीज घ्या अथवा न घ्या, पैसे मोजा. २०१३ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने तर चाळीस महिन्यांत पाच हजारांहून अधिक मेगावॉटची भर घालण्याची घोषणा केली. तेव्हा देशाची कमाल मागणी दीड हजार मेगावॉटचाही टप्पा ओलांडत नव्हती. या घोषणेने भारावून जाऊन, किंवा तिचे निमित्त करून, करारांवर सह्या होत गेल्या. लामू या प्राचीन बंदराजवळ एक हजार मेगावॉटचे कोळशावरील केंद्रही या मांडवाखाली येऊन बसले. २०१९ मध्ये पर्यावरण न्यायाधिकरणाने त्याचा परवाना रद्द केला नसता, तर आजचे संकट कितीतरी पटींनी वाढले असते.

या साऱ्या करारांत तुर्काना सरोवराजवळच्या पवनवीज प्रकल्पाची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. केनियाच्या उत्तरेस, मार्साबित परगण्यातील उजाड पठारावर, ३६५ पवनचक्क्या आणि ३१० मेगावॉट क्षमता असा हा आफ्रिकेतील अतिशय मोठ्या पवनप्रकल्पांपैकी एक. तेथील वारा जगातील उत्तम वाऱ्यांत गणला जातो. प्रकल्प खाजगी भांडवलाचा आणि करार 'घ्या अथवा न घ्या' या प्रकारचा. २०१२ मध्येच जागतिक बँकेने या प्रकल्पाला हमी देण्याचा विचार सोडून दिला. केनियाला इतकी वीज लागली नाही तरी तिचे पैसे द्यावे लागतील, अशी भीती बँकेला वाटत होती. कर्जदाराच्या हिताची चिंता जागतिक बँक फारशी करते अशी तिची ख्याती नाही; तरीही या वेळी तिचा अंदाज अचूक ठरला. सरकारने दुसऱ्या संस्थांच्या आधाराने गाडी पुढे रेटली. २०१७ मध्ये पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण वीज वाहून नेणारी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब वाहिनी तयार नव्हती. तिचे काम सरकारच्या अंगावर होते आणि ती बांधणारी स्पॅनिश कंपनी दिवाळखोरीत गेली होती. वाहिनी पूर्ण झाली ती सप्टेंबर २०१८ मध्ये. मधल्या काळात पाती फिरत नव्हती, तरी दंडाचे अब्जावधी शिलिंग केनियाला मान्य करावे लागले, आणि त्यांतील काही भाग पुढची कित्येक वर्षे दरात मिसळून ग्राहकांकडून घेण्याचे ठरले.

निसर्गानेही या करारावर आपली टीप लिहून ठेवली आहे. तुर्कानाचा वारा रात्री जोरात वाहतो, म्हणजे देशाची मागणी सर्वांत कमी असते तेव्हा. वाऱ्याची वीज नाकारली तर पैसे बुडतात, म्हणून ती आधी घेतली जाते. मग जागा करून द्यायची कोणी? सरकारी महामंडळाच्या भूऔष्णिक केंद्राने. ज्या विहिरींसाठी जनतेच्या नावावर कर्ज काढले, त्या विहिरींची वाफ आकाशात जाते आणि तिच्या जागी करारातील वीज विकत घेतली जाते. स्वच्छ विजेने स्वच्छ विजेलाच बाहेर ढकलावे, यात पर्यावरणाचा कसलाही लाभ नाही.

मार्च २०२१ मध्ये अध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी वीजखरेदी करारांच्या छाननीसाठी जॉन न्गुमी यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमले. सहा महिन्यांनी त्याचा अहवाल आला. वितरण कंपनी खाजगी उत्पादकांकडून जेमतेम पाव हिस्सा वीज घेते, पण तिच्या खरेदीखर्चाचा जवळजवळ निम्मा भाग त्यांना जातो, असे त्यातून दिसून आले. वाटाघाटीत असलेले नवे करार सोडून द्यावेत, 'घ्या अथवा न घ्या' हे कलम जाऊन 'घ्याल तेवढ्याचे द्याल' हे तत्त्व यावे आणि ग्राहकाचा दर एक तृतीयांशाने उतरावा, अशा शिफारशी झाल्या. न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे, की या खाजगी उत्पादकांत समुद्रकिनाऱ्याजवळची खनिज तेलावर चालणारी जुनी केंद्रेही आहेत. ती क्वचित चालतात, पण उभी राहण्याचा आकार घेतात, आणि दुष्काळात त्यांचाच आधार वाटतो. म्हणून निम्म्या खर्चाचा सारा दोष वाऱ्याच्या वा वाफेच्या माथी मारता येणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या ठिकाणी दाभोळची आठवण होणे अपरिहार्य आहे. डॉलरशी बांधलेला दर, उचल होवो वा न होवो द्यावयाचा स्थिर आकार, सरकारची हमी, गुप्त ठेवलेली कलमे, मागणीचे फुगविलेले अंदाज: एन्रॉनच्या करारातील यांपैकी काहीही नैरोबीत अपरिचित नाही. १९९९ मध्ये दाभोळची वीज येऊ लागली आणि दोन वर्षांत वीज मंडळाचे कंबरडे मोडण्याची वेळ आली. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने त्या कराराची जी चिरफाड केली, तिचेच प्रतिबिंब वीस वर्षांनंतर न्गुमी अहवालात पडलेले दिसते. परंतु दाभोळचा दुसराही धडा आहे आणि तो कमी कडू नाही. करार मोडल्यावर केंद्र बंद पडले, देशोदेशींच्या लवादांत दावे चालले, आणि २००६ मध्ये सरकारी कंपन्यांच्या हाती ते पुन्हा सुरू होईपर्यंत हजारो कोटींचे यंत्र गंज खात उभे होते. वाईट करारावर सही करणे सोपे असते. त्यातून बाहेर पडण्याचा खर्चही जनतेलाच सोसावा लागतो.

केनियात काय घडले? जानेवारी २०२२ मध्ये दर १५ टक्क्यांनी उतरविण्यात आले. ऑगस्टमध्ये निवडणुका होत्या. कपातीचा दुसरा हप्ता कधी आला नाही आणि एप्रिल २०२३ मध्ये दर पुन्हा चढले. खाजगी कंपन्यांनी आपल्या करारांना हात लावू दिला नाही. नव्या करारांवर काही काळ बंदी आली, तिचा फटका चांगल्या व वाईट प्रकल्पांना सारखाच बसला. मेनेंगाई या दुसऱ्या ज्वालामुखीक्षेत्राचे उदाहरण पाहावे. तेथे सरकारी कंपनीने २०११ पासून विहिरी खणल्या, १०५ मेगावॉटपुरती वाफ सिद्ध केली आणि ३५ मेगावॉटचे एकेक केंद्र उभारण्यासाठी तीन खाजगी कंपन्यांना बोलावले. हमीच्या वाटाघाटी आणि भांडवलाची जमवाजमव यांत दशक गेले. पहिले केंद्र सुरू झाले ते २०२३ मध्ये! विहिरींसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र चालूच होते.

सामान्य ग्राहकाला या सर्वाचे दर्शन घडते ते महिन्याच्या बिलात. त्यात विजेचा मूळ आकार असतो. त्याखाली इंधन अधिभार, विनिमयदराचा अधिभार, चलनवाढीचा अधिभार, ग्रामीण विद्युतीकरणाचा कर, नियामक मंडळाची पट्टी, पाण्याची पट्टी आणि मूल्यवर्धित कर. २०२४ च्या आरंभी शिलिंग घसरून एका डॉलरला सुमारे १६० पर्यंत गेला, तेव्हा गावातल्या शिक्षकाचे किंवा कारकुनाचे दिवे जितके होते तितकेच होते. तरी बिल वाढले, कारण करार डॉलरचे. वाफ केनियाच्या जमिनीतली, वारा केनियाच्या आकाशातला, आणि हिशेब परक्या चलनात. गुंतवणूकदाराला विनिमयाच्या धोक्यातून मुक्त करण्याचे हे शास्त्र मोठे चोख आहे. तो धोका नाहीसा होत नाही, तो सर्वांत दुबळ्या खांद्यावर जाऊन बसतो इतकेच. यात भर म्हणून वितरण कंपनीने घेतलेल्या विजेपैकी २०२३-२४ मध्ये सुमारे २३ टक्के वीज गळतीत आणि चोरीत नाहीशी झाली.

'अतिरिक्त वीज' हा शब्दही जपून वापरावा लागतो. केनियातील चारपैकी तीन घरांपर्यंत तारा पोहोचल्या आहेत. २०१३ च्या सुमारास हे प्रमाण एक तृतीयांशापेक्षाही कमी होते, तेव्हा ही प्रगती थोर आहे. पण दरडोई वीजवापर वर्षाला दोनशे युनिटांच्या आतबाहेर आहे. भारतात तो आता तेराशेच्या पुढे गेला आहे. म्हणजे तार आली, दिवा लागला, मोबाइल चार्ज झाला आणि चूल पुन्हा लाकडावर व कोळशावरच पेटली. मध्यरात्री उरणारी वीज ही गरजेपेक्षा जास्त नाही, ऐपतीपेक्षा जास्त आहे. दर चढे म्हणून वापर कमी, वापर कमी म्हणून प्रत्येक युनिटावर स्थिर आकाराचा भार जास्त, आणि भार जास्त म्हणून दर चढे, असा हा फेरा आहे.

ज्यांना या फेऱ्यातून सुटणे परवडते ते सुटू लागले आहेत. फुलांचे मळे, सिमेंटचे कारखाने, मोठी दुकाने, विद्यापीठे आपापल्या छपरांवर सौर पत्रे बसवून दिवसाची वीज स्वतः तयार करतात. त्यांना दोष देता येत नाही. नैवाशाकाठचा एक मोठा फुलांचा मळा तर भूगर्भातील वाफेनेच आपली काचघरे ऊबदार ठेवतो. दुसऱ्या टोकाला, तार न पोहोचलेल्या खेड्यांत, सौर दिव्याचा संच मोबाइलवरून रोज थोडे थोडे शिलिंग भरून घेण्याची पद्धत २०१२ पासून रुळली आणि ती लाखो घरांत गेली. उजेड आला हे खरे; पण एका दिव्याच्या उजेडासाठी गरीब माणूस जे मोजतो ते युनिटाच्या भाषेत मांडले, तर शहरातील बंगल्याचे बिल त्याहून स्वस्त दिसेल. वरचा थर आणि खालचा थर असे दोन्ही बाजूंनी निसटले, की जुन्या करारांचे ओझे वाहायला उरतो तो मधला नोकरदार.

या हिशेबात जमिनीचे धनी कोठेच नाहीत. ओल्कारिया हे नावच मासाई भाषेतले आहे. १९०४ आणि १९११ च्या करारांनी इंग्रजांनी मासाई लोकांना या खोऱ्यातील उत्तम कुरणांतून हुसकावले. वीजकेंद्रांसाठी त्यांच्या वंशजांना पुन्हा उठावे लागले. ओल्कारियाच्या चौथ्या केंद्रासाठी २०१४ मध्ये चार वस्त्या हलविण्यात आल्या. नवी घरे पक्की होती, पण जमीन उताराची, घळींची आणि गुरांना गैरसोयीची. लोकांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे आणि युरोपीय गुंतवणूक बँकेकडे तक्रारी नेल्या. तपासणी मंडळाला बँकेच्या स्वतःच्याच नियमांचा भंग काही बाबतींत झालेला आढळला आणि पुढे मध्यस्थीने तडजोड झाली. तुर्कानाच्या प्रकल्पाची दीड लाख एकर जमीन ज्या पद्धतीने मिळविली गेली, ती पद्धत मेरू येथील न्यायालयाने २०२१ मध्ये बेकायदा ठरविली. किनानगोप येथील ६० मेगावॉटचा पवनप्रकल्प तर शेतकऱ्यांच्या विरोधामुळे २०१६ मध्ये सोडूनच द्यावा लागला. धूर नाही एवढ्यावरून एखाद्या प्रकल्पाला पुण्य लागत नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना हे निराळे सांगायला नको.

आता उपाय काय? संध्याकाळच्या टंचाईवर नवी केंद्रे हे उत्तर नाही, निदान पहिले उत्तर नाही. वीज आहे, ती पश्चिम केनियापर्यंत नेण्यास तारा अपुऱ्या आहेत आणि रात्रीची वीज संध्याकाळपर्यंत साठविण्याची सोय नाही. पण केंद्राच्या उद्घाटनाला अध्यक्ष येतात, फीत कापली जाते. तारेच्या खांबाला हार कोणी घालीत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सारा देश काही तास अंधारात बुडाला आणि नैरोबीचा विमानतळही त्यात सापडला, तेव्हा कोठे या जाळ्याकडे लक्ष गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाहिन्या उभारण्याचा तीस वर्षांचा, सुमारे ७३ कोटी ६० लक्ष डॉलरचा करार भारतातील अदानी समूहाच्या कंपनीशी झाला. न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि समूहाच्या प्रमुखांवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाल्याची बातमी येताच नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष रुटो यांनी तो रद्द केला. त्याआधी कित्येक आठवडे केनियाची वृत्तपत्रे आणि संसद एकच गोष्ट विचारीत होती: निविदा का नाही, आणि करार उघड का नाही? करार रद्द होण्याला निमित्त परदेशातील खटल्याचे लागावे, ही गोष्ट केनियाच्या संस्थांना भूषणावह नाही.

रात्रीच्या वाफेला गिऱ्हाईक देशातच शोधता येईल. उद्योगांना रात्री सवलतीचा दर २०१७ च्या अखेरीपासून आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी २०२३ पासून युनिटाला दिवसा १६ आणि रात्री ८ शिलिंग असा वेगळा दर ठरला. नैरोबीतील हजारो मोटारसायकल-टॅक्सी पेट्रोल सोडून बॅटरीवर आल्या, तर आयात तेलाचे डॉलर वाचतील आणि वाया जाणारी वाफही कामी येईल. घरगुती ग्राहकाला असा रात्रीचा दर द्यायला काय हरकत आहे, हे कळत नाही. पाणी तापविणे आणि पंप चालविणे ही कामे रात्रीची वाट पाहू शकतात.

कोकणात वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला, तुरळला, राजापूरजवळ उन्हाळ्याला गरम पाण्याचे झरे शतकानुशतके वाहत आहेत. लडाखमधील पुगा खोऱ्यात विहीर खणण्याचे काम तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ नंतर हाती घेतले. ओल्कारियाची उष्णता कोकणात नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण भूगर्भाचा धोका कोणी पत्करायचा आणि त्या बदल्यात काय घ्यायचे, हा प्रश्न लडाखमध्येही तोच राहणार आहे.

केनियात तो प्रश्न पुन्हा उभा ठाकला आहे. २०१९ च्या ऊर्जा कायद्याने एकाच वितरण कंपनीची मक्तेदारी संपविण्याची वाट मोकळी केली आहे, म्हणजे मोठा ग्राहक उत्पादकाशी थेट करार करू शकेल. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि संयुक्त अरब अमिरातीतील एक कंपनी यांनी ओल्कारियाच्या विजेवर चालणारे एक अब्ज डॉलरचे संगणककेंद्र काढण्याची घोषणा केली. रात्रंदिवस सारखी वीज लागणारे असे गिऱ्हाईक वाफेला वरदान ठरू शकते. ते वाफेची सर्वांत स्वस्त विहीर स्वतःसाठी राखून, महाग करार बाकीच्यांच्या पदरी टाकूनही जाऊ शकते. दोहोंतले काय घडेल हे ठरेल ते दर, चलन आणि हमी या तीन कलमांवर. न्गुमी अहवालानंतर एवढे तरी व्हायला हवे, की अशा प्रत्येक कराराची ही तीन कलमे सही होण्यापूर्वी संसदेसमोर मांडली जावीत आणि वृत्तपत्रांत छापून यावीत.